शेणाला खरकट्याची जोड : घरच्या गोबर गॅसचे पहिले सहा महिने

आमच्या कोरेगाव तालुक्यात गावोगाव फिरलात तर गोठ्यामागे बंद पडलेले गोबर गॅस दिसतील. घुमट शाबूत, विटा शाबूत, पण गॅस नाही. मला अशा घरी कुणी बोलावलं की मी बांधकाम बघायच्या आधी एकच विचारतो, "रोज काय घालत होता आणि किती?" बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं. एक तर शेण कमी पडलं, नाहीतर 'पोटात सगळं जिरतं' असं समजून हाताला येईल ते आत गेलं.

आमच्या घरी 2 घनमीटरचा, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा, दीनबंधू पद्धतीचा संच पंधरा वर्षांपासून चालू आहे. शेणाबरोबर घरचं खरकटं, भाजीचा कचरा, गिरणीत झाडलेलं पीठ असं त्यात जात आलंय. ही जोड नीट दिली तर गॅस चांगलाच वाढतो आणि चुकली तर महिनाभर चूल पेटवावी लागते. मी दोन्ही भोगलंय, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी शेण तोला, मग संच ठरवा

जनावरं किती आहेत यावरून संच ठरवू नका. रोज हातात किती शेण येतं त्यावरून ठरवा. गोठ्यात बांधून असलेली गावरान गाय दिवसाला साधारण 10 किलो शेण देते, म्हैस किंवा संकरित गाय 15 किलो आणि वर. पण जनावर दिवसभर रानात चरायला जात असेल तर निम्मं शेण रानातच पडतं. म्हणून आठवडाभर रोज सकाळी शेण घमेल्यात भरून काट्यावर तोला आणि वहीत लिहा. सात दिवसांची सरासरी काढा. हा आकडा खरा, बाकी सगळे अंदाज.

एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. म्हणजे 1 घनमीटर गॅसला 25 किलो शेण, आणि 2 घनमीटरला 50 किलो. गोबर गॅसची एक साधी शेगडी तासाला 450 लिटरच्या आसपास गॅस खाते. तेव्हा 2 घनमीटरवर एक शेगडी चार तासांच्या वर चालते आणि पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. सिलिंडरशी तुलना करायची तर 1 घनमीटर गॅस म्हणजे अदमासे 430 ते 450 ग्रॅम एलपीजी.

तुमच्याकडे 35 किलोच शेण निघत असेल तर 2 घनमीटरचा संच बांधून 'उरलेलं खरकट्यानं भरून काढू' असा हिशेब सुरुवातीला करू नका. खरकटं रोज सारखं निघत नाही. सणाला निघतं, एकादशीला निघत नाही. पाया शेणाचाच हवा.

कोणता नमुना घ्यायचा

आपल्याकडे घरगुती संचांत मुख्य दोन प्रकार. खादी ग्रामोद्योग आयोगाचा तरंगत्या टाकीचा, आणि 1984 साली आलेला दीनबंधू, म्हणजे जमिनीखालचा पक्का घुमट. तरंगत्या टाकीत गॅस किती साठलाय ते टाकी किती वर आली यावरून दिसतं. वर जमलेली साय टाकी गोल फिरवून मोडता येते. पण लोखंडी टाकी गंजते, तिला दरवर्षी रंग लावावा लागतो. दीनबंधूत हलणारा भागच नाही, म्हणून वर्षानुवर्षं खर्च जवळजवळ नाही. मात्र घुमटाचा आतला गिलावा गॅस धरणारा झाला पाहिजे, आणि ते काम हे संच बांधलेल्या गवंड्यालाच जमतं. घर बांधणारा चांगला गवंडी असला तरी पहिला घुमट तुमच्या घरी शिकू देऊ नका.

माझं मत विचाराल तर शेण भरपूर आणि जोड थोडी असेल तर दीनबंधू. खानावळ, हॉटेल, भाजीचा व्यापार असं काही असेल आणि कचऱ्याचं प्रमाण मोठं राहणार असेल तर तरंगती टाकी, कारण कचऱ्याने साय फार धरते. पिशवीचे तयार संचही मिळतात. ते दोन दिवसांत बसतात, पण उंदीर, जनावरांची शिंगं आणि ऊन यांच्यापासून सांभाळावे लागतात.

अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी जा. केंद्राचा कार्यक्रम 1981-82 पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आलाय. संचाला संडास जोडणार असाल तर तेही तिथंच विचारा. मंजुरीआधी खड्डा खणू नका.

जागा

दिवसभर ऊन लागेल अशी जागा. आतल्या जिवाणूंना 30 ते 37 अंश उष्णता मानवते, आणि पारा 15च्या खाली गेला की काम जवळजवळ थांबतं. गोठा आणि स्वयंपाकघर दोन्ही जवळ हवेत. त्यातही गोठा जास्त जवळ ठेवा. पाईप लांबवता येतो, शेणाची घमेली रोज वाहून कंबर मोडते, आणि ते काम घरात बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं. विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. मोठं झाड जवळ नको, त्याच्या मुळ्या भिंतीत शिरतात.

बांधून झाल्यावर मातीने बुजवायच्या आधी संच पाण्याने भरून पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी उतरलं तर गळती आहे. गवंड्याचे शेवटचे पैसे या तपासणीनंतरच द्या.

विरजण लावायचं

2 घनमीटरच्या संचाला पहिल्या भरणीत सुमारे 4,000 लिटर काला लागतो, म्हणजे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी. बांधकाम सुरू झाल्यापासून शेण साठवायला लागा. ढीग सावलीत ठेवा, वरून ओलं गोणपाट टाका. वाळून कडक झालेलं शेण चालत नाही. शेजारच्यांकडून मागून आणायला लाजू नका.

शेण आणि पाणी वजनाला सारखं घेऊन हाताने किंवा दाताळ्याने गुठळी राहणार नाही असं कालवा. काला भज्यांच्या पिठाइतका सरसरीत हवा. फार घट्ट असेल तर गॅस वर सुटत नाही. पातळ असेल तर शेण खाली बसतं आणि पाणी वर राहतं. कालवताना माती, वाळू, खडे, वैरणीच्या काड्या काढून टाका. वाळू एकदा तळाला बसली की परत निघत नाही आणि दरवर्षी संचाचं पोट तेवढं लहान होत जातं.

आणि मग विरजण. दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, तसंच इथंही आहे. गावात कुणाचा चालू संच असेल तर त्याच्या निकासाची ताजी रबडी, म्हणजे पचून बाहेर पडलेला काला, तीन-चारशे लिटर आणा आणि पहिल्या भरणीत मिसळा. शेणात जिवाणू असतातच, पण चालू संचातली रबडी म्हणजे तयार फौज. नुसत्या शेणावर उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे लागतात, विरजण असेल तर आठ-दहा दिवसांत घुमट भरतो.

पहिला गॅस पेटणार नाही, घाबरू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि घुमटातली हवाही मिसळलेली असते. तो कॉक उघडून मोकळ्या हवेत दोन-तीन वेळा सोडून द्या. त्या वेळी आसपास विडी, चूल, दिवा काही नको. पेटवून बघायचं ते फक्त शेगडीवर. संचाच्या पाईपाला काडी लावून बघणं जीवघेणं आहे, कारण हवा मिसळलेला गॅस भडका घेऊन पाईपातून आत शिरू शकतो.

आत काय चालतं

जोड द्यायच्या आधी हे समजून घ्या. आत दोन टोळ्या काम करतात. पहिली टोळी अन्न फोडून त्याचं आंबट पाणी करते. दुसरी ते आंबट खाऊन मिथेन करते, आणि आपल्याला हवा असलेला गॅस हा तिचाच. चांगल्या गॅसमध्ये 55 ते 65 टक्के मिथेन असतो. पहिली टोळी फार चपळ, काही तासांत दुप्पट होते. दुसरी संथ, तिला वाढायला कित्येक दिवस लागतात. एकदम जास्त अन्न पडलं की पहिलीचं काम भराभर होतं, दुसरीला ते संपत नाही आणि सगळा काला आंबतो. आंबला की दुसरी टोळी कामच सोडते.

शेणाने असं सहसा होत नाही, कारण शेणातलं पचायला सोपं होतं ते गाईने आधीच घेतलेलं असतं. म्हणून शेण गॅस कमी देतं, पण बिघडतही नाही. भात, पोळी, पीठ, पिकलेली फळं यांत सगळा कस शिल्लक असतो. किलोला किलो धरलं तर शिजलेलं अन्न शेणाच्या दुप्पट-तिप्पट गॅस देतं. हीच गोष्ट धरून पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शहरी घरांसाठी फक्त खरकटं आणि पिठूळ कचऱ्यावर चालणारा छोटा संच काढला. त्याला 2006 साली ॲशडेन पुरस्कारही मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' संयंत्रात तर कचरा आधी वेगळ्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन मुरवतात आणि मगच मुख्य टाकीत सोडतात. घरच्या संचात दोन्ही टोळ्या एकाच पोटात नांदतात, म्हणून आपल्याला हात आखडता ठेवावा लागतो.

जोड : काय आणि किती

पहिले दोन महिने फक्त शेण घाला. आंच निळी, स्थिर आणि रोज तेवढीच येऊ लागली की मग जोड सुरू करा.

50 किलो शेणाच्या संचाला पहिल्या आठवड्यात रोज 1 किलो. दुसऱ्या आठवड्यात 2 किलो. असं करत 5 किलोपर्यंत या, म्हणजे शेणाच्या दहावा हिस्सा, आणि तिथं निदान महिनाभर थांबा. सगळं ठीक असेल तर पुढे 8 ते 10 किलोपर्यंत जाता येतं. घरगुती संचात त्याच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही. रोज सारखं घालणं हे जास्त घालण्यापेक्षा मोलाचं आहे. सणाचं खरकटं जास्त निघालं तर ते झाकणाच्या बादलीत ठेवा आणि चार दिवसांत वाटून घाला.

बारीक करणं महत्त्वाचं. केळीची सालं, कोबीचा पाला, भोपळ्याचा गर सुरीने किंवा विळीने चिरून घ्या. खरकटं हाताने कुस्करून, शेणाच्या काल्यातच मिसळून सोडा. वेगळं ओतलं तर वर तरंगतं आणि त्याची साय धरते.

चांगलं चालतं ते असं : उरलेला भात-पोळी-आमटी, तांदूळ धुतलेलं पाणी आणि पेज, गिरणीत झाडलेलं पीठ, कीड लागलेलं धान्य दळून, सडके बटाटे, कलिंगड-केळीची सालं, फणसाचा चिकट भाग, खाण्याला निरुपयोगी पेंड भिजवून. कोंबडीची विष्ठाही गॅस चांगला देते. पण तिच्यात नत्र फार, अमोनिया वाढून जिवाणूंना बाधतो, आणि गॅसला सडक्या अंड्याचा वासही जास्त येतो. म्हणून ती शेणाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा, आणि पोल्ट्रीतला भुसा-तूस मिसळलेला थर नको, फक्त विष्ठा.

ज्यात नत्र जास्त ते आणि ज्यात कर्ब जास्त ते एकमेकांना जोडून घालावं. शेणात हे प्रमाण नत्र 1 ला कर्ब 25 च्या आसपास, म्हणजे जवळपास जसं हवं तसंच असतं. कोंबडीच्या विष्ठेबरोबर पीठ किंवा सालं घातली तर समतोल राहतो.

आता काय घालायचं नाही. उसाचं पाचट, कडबा, काथ्या, लाकडाचा भुसा : हे आत वर्षभर पडून राहतात. हाडं, अंड्याची टरफलं, आंब्याच्या कोयी नकोत. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल आणि कांद्या-लसणाची सालं जिवाणूंना सोसत नाहीत. थोडी चुकून गेली तर बिघडत नाही, पण लोणच्याच्या हंगामात टोपलीभर साली नकोत. तळणाचं तेल नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साबण, फिनेल, डेटॉलचं पाणी. गोठा फिनेलने धुतला तर ते पाणी संचाकडे जाऊच देऊ नका. गाईला कासदाहासाठी प्रतिजैविक चालू असेल तर तिचं शेण औषध संपल्यावरही आठवडाभर वेगळं टाका. जी औषधं तिच्या अंगातले जंतू मारतात ती संचातलेही मारतात.

आंबलं तर

पुतण्याच्या लग्नानंतर दोन मोठी पातेली भात आणि जिलेब्या उरल्या होत्या. अन्न वाया जाऊ नये या भावनेने मी ते एकाच संध्याकाळी संचात सोडलं, 40 किलो तरी असेल. दुसऱ्या दिवशी गॅस इतका आला की निकासातून रबडी उसळून वाहिली. तिसऱ्या दिवशी दाब होता, पण शेगडी पेटेना. काडी लावली की फुस्स होऊन विझायची. पुढे जवळपास महिनाभर घरात चूल होती. लग्नघरात पाहुणे राहिलेले, आणि आईने त्या धुरात भाकऱ्या थापल्या. ते मी विसरलो नाही.

तेव्हा ही लक्षणं ओळखा. गॅस भरतोय पण जळत नाही. आंच शेगडीवरून उचलली जाते. निकासाच्या रबडीला शेणाऐवजी आंबूस वास येतो, फेस जास्त दिसतो. पीएच मोजायची कागदी पट्टी रसायनांच्या दुकानात स्वस्तात मिळते, एक पुडी घरात ठेवा. रबडी 6.8 ते 7.5 मध्ये हवी. 6.5 च्या खाली गेली की जोड त्या दिवशी बंद.

मग चार-पाच दिवस शेणही बंद. संचाला उपास घडू द्या. त्यानंतर रोज थोडं ताजं शेण आणि मिळाली तर चालू संचाची दोन बादल्या रबडी घाला. फारच आंबलं असेल तर पाव किलो चुना बादलीभर पाण्यात कालवून निवळी घ्या आणि ती शेणाच्या काल्यात मिसळून सोडा. दुसऱ्या दिवशी पट्टीने बघा आणि गरज असेल तरच पुन्हा घाला. चुना एकदम ओतू नका, उलट बाजूने बिघडतं. आंच निळी होऊन आठवडा झाला की शेण पूर्ववत करा. जोड त्याच्याही नंतर, पुन्हा 1 किलोपासून.

पाईप आणि शेगडी

शेगडी गोबर गॅसचीच हवी. एलपीजीच्या शेगडीची भोकं या गॅसला लहान पडतात. पिवळी आंच म्हणजे हवा कमी, उचललेली आंच म्हणजे हवा जास्त. शेगडीखालची हवेची चकती फिरवून जुळवा.

गॅसबरोबर वाफ येते आणि पाईपात तिचं पाणी होतं. म्हणून पाईपाला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा. आंच फडफडायला लागली की आधी तिथलं पाणी सोडा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. पाईपाचा सांधा सुटलाय का ते साबणाच्या फेसाने बघा, काडीने कधीच नाही.

जिवाची काळजी

रिकाम्या केलेल्या संचातही माणूस उतरवायचा नाही. आतल्या हवेत प्राणवायू नसतो, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू जास्त असेल तर नाकाला वास येणंच बंद होतं. एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. साफसफाई जाणत्या माणसांकडूनच, तीही बाहेरून. निकासाच्या टाकीवर फरशी हवीच, कारण वर सुकलेली साय जमिनीसारखी दिसते आणि लहान मूल किंवा करडू तिच्यावर पाय देतं. त्या फरशीमुळे पावसाचं पाणीही आत जात नाही.

थंडी आणि रबडी

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत गॅस बराच उतरतो. त्या दिवसांत काला सकाळी न करता दुपारी करा, उन्हात तापलेलं पाणी वापरा आणि घुमटावर पाचट किंवा उकिरड्याचा थर द्या. थंडीत गॅस कमी म्हणून जोड वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा. जिवाणू मंदावलेले असताना जास्त अन्न म्हणजे आंबण्याला आमंत्रण. उलट निम्मी करा.

निकासातून रोज जवळजवळ तेवढीच रबडी बाहेर येते जेवढा काला आत जातो. नत्र तिच्यात टिकून असतं, पण रबडी उन्हात वाळवली की त्यातलं बरंचसं उडून जातं. म्हणून शक्य तेवढी ओलीच वापरा. पाटाच्या पाण्यात सोडा, किंवा खड्ड्यात पाचट-पालापाचोळ्याचे थर देऊन त्यावर ओता. संचात न चालणारं पाचट इथं उत्तम कुजतं. उकिरड्याच्या खतापेक्षा तणही कमी येतं. आमच्या घेवड्याला पेरणीआधी हेच खत पडतं, आणि दोन जनावरं कमी केली तेव्हा घरात पहिली काळजी दुधाची नव्हती, या खड्ड्याची होती.